फितूर गांडुळं

१२ जानेवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. रिटायर झालेल्या माणसाने मनातलं कुठेतरी बोललं पाहिजे आणि या घरात ऐकून घेणारं कुणी नाही. ही वही कुणी वाचायची नाही. वाचलीच, तर मी काय काय सोसलं ते निदान कळेल.

निर्णय: घरी गांडूळखत तयार करायचं. मागच्या खोलीत.

कारण पर्यावरण. दुसरं कुठलंही कारण नाही. काल संध्याकाळी हिच्या भावाचा फोन आला होता. अण्णा, म्हणजे माझे सासरे, बाथरूममध्ये घसरले. हाड मोडलं नाही, पण आता त्यांना एकटं ठेवता येणार नाही, आणि हा दिवटा स्वतः परदेशी चालला आहे. त्यावर ही जेवताना म्हणाली की लेक नोकरीला बाहेर गेल्यापासून मागची खोली रिकामीच आहे. माझ्या डोक्यात तेव्हा पर्यावरण होतं. दोन्ही विषय एकाच दिवशी निघाले हा निव्वळ योगायोग. याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

मातीची ओढ मला लहानपणापासून. शाळेत असताना कुंडीत मिरची लावली होती. उगवली नाही, पण ती बियाण्याची चूक.

१३ जानेवारी, सोमवार

हिला प्लॅन सांगितला. ही शाळेत गणित शिकवते. वह्या तपासत होती. मान वर न करता विचारलं, गॅलरीत का नाही? मी शांतपणे समजावलं. गांडुळांना अंधार लागतो, शांतता लागते, ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही, आणि एकदा बस्तान बसलं की जागा बदललेली चालत नाही. हिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, अण्णांनाही साधारण हेच लागतं.

मी हसलो. हिचा विनोद कधीकधी बरा असतो.

शेवटी 'बरं' म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात हिच्या 'बरं'चे सगळे प्रकार मला पाठ झाले आहेत. हा संमतीचा होता.

१६ जानेवारी, गुरुवार

कामाला सुरुवात. प्लास्टिकचे तीन क्रेट, एकावर एक. वरच्या दोन्हींना तळाला भोकं. वरून पाणी निथळून सर्वांत खालच्यात जमा होणार, गांडुळं मधल्यातलं खाऊन झालं की वरच्यात चढणार, खाली राहणार ते खत. सोपं आहे. कुणीही करेल. पण अचूक करायला माझ्यासारखा माणूस लागतो. मी वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होतो. मी बाजारात शिरलो की तराजू आपोआप ताळ्यावर यायचे.

भोकं पाडताना ड्रिल जरा घसरलं. जेवणाच्या टेबलाला एक भोक. मिठाची बरणी त्यावर ठेवली की दिसत नाही.

मग रद्दी फाडून, भिजवून, पिळून अंथरली. पिळलेल्या फडक्याइतकी ओल हवी, ती मी हाताने जोखली. संध्याकाळी ही विचारत होती, कपाटाखालचा गठ्ठा कुठे गेला. सातवीच्या चाचणीचे पेपर होते म्हणे, न तपासलेले. आता चाचणीचे पेपर रद्दीशेजारी ठेवतं का कुणी? ठेवले ते ठेवले आणि वर आवाज माझ्यावर. हिने सगळ्या वर्गाला सारखे मार्क दिले. म्हणजे मुलांचा फायदाच झाला. आभार मानायला कुणी आलेलं नाही.

१८ जानेवारी, शनिवार

नर्सरीवाल्याकडून अर्धा किलो लाल गांडुळं आणली. घरी येऊन माझ्या जुन्या स्प्रिंगच्या काट्यावर तोलली. वजन बरोबर. पण त्यात निम्मी माती! तडक परत गेलो. नर्सरीवाला एका बाईंना गुलाब दाखवत होता. भर गिऱ्हाइकासमोर विचारलं, हे गांडुळांचं वजन की मातीचं? तो म्हणाला, साहेब, खुशाल मोजून घ्या, पण त्या बाईंना घाबरवू नका. बाई कुंडीमागे जाऊन उभ्या होत्या. माझ्या हातातली पिशवी उघडी होती ना.

पहिली फसवणूक. नोंद करून ठेवतो. नोकरीत असतो तर काटा जप्त केला असता.

घरी सगळी माती बाजूला काढून नुसती गांडुळं तोलली. आता रोज तोलणार. वाढ मोजली नाही तर वाढ झाली हे कळणार कसं?

१९ जानेवारी, रविवार

खोलीत जागा करावी लागली. लेकीची कॉट खोलून काढली. लोखंडी, दणकट. पण गांडुळांना कॉटचा काय उपयोग? वॉचमनला देऊन टाकली. त्याने पुन्हा पुन्हा विचारलं, नक्की ना साहेब, बाईंना माहिती आहे ना? हल्ली दिलदार माणसाचा लोकांना संशय येतो.

ही बाजारातून आली. दारात उभी राहिली, पिशव्या हातातच. कॉट होती तिथल्या भिंतीकडे बघत होती. क्रेट किती लेव्हलमध्ये आहेत हे मी स्पिरिट लेव्हल लावून दाखवलं. हिने पाहिलं नाही. पिशव्या घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. भाजी निवडत असेल.

२० जानेवारी, सोमवार, सकाळी

गद्दारी! रात्रीतून निम्मी गांडुळं क्रेटच्या बाहेर. भिंतीवर, दाराच्या फटीत, एक माझ्या चपलेत. ते कसं कळलं ते लिहीत नाही. ज्यांच्यासाठी मी खोली मोकळी केली, टेबल खराब केलं, त्यांनी एक रात्रसुद्धा काढू नये?

दुपारी

शाळेतून हिचा फोन. पर्समधून खडूची डबी काढली तर आत एक गांडूळ. मुलांनी वर्ग डोक्यावर घेतला. मी विचारलं, ते परत आणते आहेस ना? फोन कट झाला. नेटवर्कची बोंब.

२३ जानेवारी, गुरुवार

ही म्हणाली, अण्णा परवा येणार. विचारलं नाही, सांगितलं. हॉलमधल्या सोफ्यावर झोपतील. मी म्हटलं, अगं, खोली असती तर मी स्वतः आग्रह केला असता. अगदी मनापासून म्हटलं. हिने असं काही पाहिलं की मला वाटलं शर्टावर गांडूळ आहे. नव्हतं.

संकल्प: सासऱ्यांशी आदराने वागणे. रिमोट मात्र आपल्याकडे ठेवणे.

२५ जानेवारी, शनिवार

अण्णा आले. काठी, एक बॅग, एक ट्रान्झिस्टर. जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवली. अजूनही खुर्चीत बसले की दोन्ही हात पुढे असतात, स्टिअरिंग धरल्यासारखे. सोफा त्यांना आखूड पडतो, पाय बाहेर येतात. मी उठून स्टूल लावून दिलं. माणूस यापेक्षा काय करू शकतो?

त्यांनी सगळं घर फिरून पाहिलं. मागच्या खोलीच्या दाराशी थांबले. म्हणाले, वा, खिडकी पूर्वेची आहे. मी म्हटलं, हो, म्हणून पुठ्ठा लावून बंद केली आहे.

२९ जानेवारी, बुधवार

दुपारी हॉलमध्ये माझा टीव्ही असतो. अण्णांना आवाज सोसत नाही म्हणून ते खुर्ची घेऊन, म्हणजे मला घ्यायला लावून, मागच्या खोलीत जाऊन बसले. पार संध्याकाळपर्यंत. आतून बोलण्याचा आवाज. दाराला कान लावला. घाटात बसचे ब्रेक गेले होते तेव्हा गाडी डोंगराच्या बाजूला घासत घासत कशी थांबवली, ते सांगत होते. गांडुळांना! मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, ते वेगळं.

ही शाळेतून आली ती हातपाय न धुता सरळ आत. खाली फरशीवर बसली, वह्या पसरल्या. दोघं हसत होते. माझ्या खोलीत, माझ्या गांडुळांसमोर. मला कुणी हाक मारली नाही. मी टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

१ फेब्रुवारी, शनिवार

वजन घटलं. खाणं कमी पडत नाही. केळ्याची सालं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, काल उरलेली आख्खी भाजी. मी हात आखडता घेत नाही. रोज बाहेर काढतो, माती झटकतो, तोलतो, परत ठेवतो. तरी घटलं. शंका: बाहेरच्या माणसाच्या सततच्या बडबडीमुळे गांडुळांच्या मनावर ताण.

अण्णांना सौम्य शब्दांत सांगितलं की प्रकल्पाच्या ठिकाणी बोलू नये. त्यांनी मान डोलावली. मग माझ्या हातातल्या काट्याकडे बघून म्हणाले, "जावईबापू, मला कुणी रोज असं काढून तोललं, तर मीसुद्धा पळून जाईन हो."

थट्टा! माझ्या घरात, माझ्या काट्याची.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज झाकण उघडलं तर सगळी गांडुळं एकाच कोपऱ्यात गोळा झालेली. कुठला कोपरा? अण्णांची खुर्ची असते तो! मुद्दाम खुर्ची दुसऱ्या बाजूला सरकवून पाहिली. गांडुळं जागची हलली नाहीत, पण तो शिकवणीचा परिणाम.

फितूर. दुसरा शब्द नाही.

बाकीचेही तसेच. वॉचमन आता जाता-येता अण्णांना नमस्कार घालतो, मला नाही. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर, जे कधी कुणाकडे जात नाहीत, ते अण्णांचा गुडघा बघायला आपण होऊन आले. जाताना नाकाला रुमाल लावून मला म्हणाले, कसला तरी वास येतोय. मी म्हटलं, निसर्गाचा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चिलटं. सुरुवातीला दोनचार होती. आता दार उघडलं की ढगच येतो. एक माझ्या चहात, एक हिच्या. अण्णांच्या चहात नाही.

दुपारी अण्णांनी एक विचित्र प्रश्न विचारला. मी क्रेट पुसत होतो. म्हणाले, "जावईबापू, गांडुळांच्या आधी या खोलीत काय होतं?"

मी म्हटलं, "काही नाही. रिकामी होती."

अण्णा 'हं' म्हणाले आणि काठीने फरशीवरचा एक डाग खरवडत बसले. आज संध्याकाळी ट्रान्झिस्टरही लावला नाही. म्हातारपणी माणसं लहरी होतात. उत्तर तर मी सरळ दिलं होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा व्हिडिओ कॉल. आधी आजोबांशी अर्धा तास. मग आईशी, कुजबुजत. मग माझ्याशी. मी उत्साहाने क्रेट दाखवायला घेतला. ती म्हणाली, बाबा, माझी कॉट कुठे आहे? मी विषय खताकडे वळवला. तर म्हणाली, "बाबा, आजोबांना खोली द्यायची नव्हती तर सरळ नाही म्हणायचं ना. किडे कशाला पाळलेस?"

माझी स्वतःची मुलगी. जिला मी सायकल शिकवली, जिच्या फिया भरल्या. गांडुळाला किडा म्हणते. आणि उरलेलं जे म्हणाली त्याला तर काही आधारच नाही. बारा जानेवारीचं पान काढून बघा, पर्यावरण असं स्वच्छ लिहिलेलं आहे.

घर फुटलं आहे. एक मी सोडलो तर सगळे पलीकडच्या बाजूला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चिलटांचा बंदोबस्त. दुकानातून फवारणीची बाटली आणली. दुकानदार झुरळांसाठी का म्हणून विचारत होता, त्याला उत्तर दिलं नाही. मी लेबल पूर्ण वाचल्याशिवाय कुठलीही वस्तू वापरत नाही, खात्याची सवय. बाटलीवर चित्रं होती: झुरळ, डास, माशी, मुंगी, कोळी. गांडुळाचं चित्र नाही. म्हणजे गांडुळांना काही होत नाही, हे कंपनीनेच मान्य केलं. क्रेटचं झाकण उघडून कानाकोपऱ्यात, अगदी मनसोक्त फवारलं. अण्णांना म्हटलं, तासभर बाहेर बसा. खोकत होते, पण सोफ्यावर बसून खोकत होते.

चिलटं सफाचट. रिझल्ट शंभर टक्के.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सगळी मेली. एकूणएक. हात लावला तर दोरीच्या तुकड्यांसारखी. दुपारभर क्रेटपाशी बसून होतो. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं. एक महिना मी जिवापाड जपलं.

असं आपोआप होत नाही. कुणीतरी काहीतरी केलं. शांतपणे विचार केला: दिवसभर त्या खोलीत कोण बसतं?

रात्री जेवताना विषय काढला. नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं की ज्याचं खातात त्याच्याच मुळावर उठणारी माणसं असतात, आणि माझी गांडुळं या घरातल्या माणसाने मारली. आणि अण्णांकडे पाहिलं. ही चमचा धरून तशीच थांबली.

अण्णांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "मी काल थोडं पाणी शिंपडलं होतं. कोरडी वाटली बिचारी. त्याने मेली असतील तर माझी चूक झाली, जावईबापू. माफ करा." आणि त्यांनी हात जोडले.

बघा, कबुली! मी ती मोठ्या मनाने स्वीकारली. म्हटलं, जाऊ द्या, यापुढे काळजी घ्या. विषय मी तिथेच संपवला. भाजी आणखी वाढून घ्यायला गेलो तर हिने भांडं उचलून नेलं होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

दोन दिवस ही एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, वडिलांच्या कृत्याची लाज वाटत असेल.

आज सकाळी चहा देताना म्हणाली की शाळेच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या बघितल्या आहेत. भाड्याने घेतल्या. पुढच्या शनिवारी ती आणि अण्णा तिकडे जाणार. आवाज असा, जणू दूध संपल्याचं सांगते आहे.

मी म्हटलं, अगं पण आता खोली रिकामी झाली आहे, गांडुळं गेली. हे मी समजुतीच्या सुरात म्हटलं होतं. हिने कप माझ्यासमोर ठेवला. "तुमच्या गांडुळांनंतर माझ्या अण्णांचा नंबर नको," म्हणाली.

मला न विचारता घर घेतलं. नवऱ्याला न विचारता! याला विश्वासघात नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

२२ फेब्रुवारी, शनिवार

गेले.

टेम्पोत सामान थोडंच होतं. दोन बॅगा, कुकर, हिच्या वह्यांचं खोकं, अण्णांची खुर्ची. मी अडवलं नाही. ज्याला जायचं त्याने जावं. मी गॅलरीत उभा होतो आणि खाली बघत नव्हतो. तरी एक दिसलंच. वॉचमन पार्किंगच्या कोपऱ्यातून काहीतरी बाहेर काढत होता. लेकीची कॉट! प्लास्टिकमध्ये बांधून, नटबोल्टची पुडी त्यालाच लटकवून, महिनाभर जपून ठेवलेली. बाईंना आज ना उद्या लागेल म्हणून ठेवली, असं त्याने तोंड वर करून मला ऐकवलं. दिलेली वस्तू पुन्हा तिसऱ्याच्या हवाली. कुणाकुणाची नावं लिहू?

अण्णा टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले. दोन्ही हात पुढे. वर बघून त्यांनी हात हलवला. मी हलवला नाही. नंतर हलवला, पण तोवर टेम्पो वळला होता.

२४ फेब्रुवारी, सोमवार

स्वातंत्र्य. संपूर्ण घर माझं. टीव्ही हव्या त्या आवाजात. क्रेट घासून, वाळवून मागच्या खोलीत पुन्हा रचले. खिडकीवरचा पुठ्ठा काढला. सकाळी खोलीभर ऊन येतं. इतकं येत असेल असं वाटलं नव्हतं.

नव्या जोमाने सुरुवात करायची. नवी गांडुळं आणायची. यावेळी तोलायची नाहीत. म्हणजे रोज नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

एक तांत्रिक अडचण. गांडुळांना सालं लागतात आणि घरात सालं निघत नाहीत. मी सकाळी ब्रेड खातो, रात्री हॉटेलातून आणतो. ब्रेडला साल नसते.

आधी सालांचा पुरवठा नक्की झाला पाहिजे, मगच गांडुळं. त्याशिवाय आणणं म्हणजे मुक्या जिवांवर अन्याय.

दिवसभर कुणी बोललं नाही. फोन नीट चालतो का ते पाहिलं. चालतो.

२ मार्च, रविवार

पुरवठ्याच्या कामासाठी शाळेमागच्या गल्लीत गेलो. फक्त त्या कामासाठी. रिकामी पिशवी हातात ठेवली होती, म्हणजे गैरसमज नको.

दार अण्णांनी उघडलं. ही बाहेर गेली होती. मी दारातूनच सांगितलं की गांडुळांसाठी सालं हवी आहेत, असतील तर. त्यांनी चक्क आनंदाने विचारलं, नवी आणली का? मी मान अशी हलवली की हो किंवा नाही, काहीही समजावं. ते काठी टेकत आत गेले आणि डब्यातली सालं पिशवीत भरून घेऊन आले.

घर लहान आहे. पुढची खोली, मागे स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत खिडकीपाशी कॉट, जमिनीवर हिची गादी गुंडाळून ठेवलेली. मध्ये एका माणसाने पाय पसरले तर दुसऱ्याला जायला वाट नाही.

अण्णा म्हणाले, "बसा ना, जावईबापू. जागा आहे."

मी म्हटलं, नको, गांडुळं वाट बघत असतील. आणि आलो.

४ मार्च, मंगळवार

सालं ठेवली की दुसऱ्या दिवशी वास मारतात. क्रेटमध्ये खाणारं कुणी नाही तोवर ती खाली कचऱ्याच्या पिंपात टाकावी लागतात. म्हणून रोज ताजी आणणं भाग आहे. आजही गेलो. ही शाळेत. अण्णांनी आज बसची आणखी एक गोष्ट सांगितली, दारात उभ्याउभ्याच. बरी होती. पुराच्या पाण्यातून गाडी काढली ती. उद्या उरलेली सांगतो म्हणाले.

६ मार्च, गुरुवार

पुराची गोष्ट पूर्ण ऐकली. सालंही आणली. या पिशवीपेक्षा मोठी पिशवी घ्यायला हवी असं वाटतं.

नर्सरीवाल्याकडे जाणं जमलेलं नाही. रस्ता उलट्या दिशेला पडतो.

९ मार्च, रविवार

आज दार हिने उघडलं. ओढणी कमरेला खोचलेली, हात ओले. घरात कसल्या तरी फोडणीचा वास. मी पिशवी पुढे केली.

ही म्हणाली, गांडुळं कशी आहेत? मी म्हटलं, वाढतायत. म्हणाली, वॉचमन परवा अण्णांना भेटायला आला होता. तुम्ही रोज सालं आणता आणि पिंपात टाकता, असं सांगत होता. जो माणूस दिलेल्या कॉटला जागला नाही, त्याच्या बोलण्यावर मी काय खुलासा करायचा?

मग ही बाहेर पायरीवर आली आणि दार मागून लोटून घेतलं. हळू आवाजात म्हणाली, "आत या. जेवायला बसा. रोज आलात तरी चालेल. फक्त आधी अण्णांना एवढं सांगा, की त्यांनी काही केलं नव्हतं. ते अजून मला विचारतात, पाणी किती घातलं होतं मी. झोपेतून उठून विचारतात."

मी आत गेलो. कुणी मला ताठर म्हणू नये म्हणून लिहून ठेवतो, मी आत गेलो. अण्णा कॉटवर बसले होते, मला बघून सरकले, शेजारी जागा करून दिली. समोर दोन ताटं मांडलेली होती आणि तिसरं ही मांडत होती. मी उभाच राहिलो. दोघंही माझ्याकडे बघत होते. सांगायचं सगळं तयार होतं, जिभेवर होतं. अवघे चार शब्द.

मी म्हटलं, "अण्णा, पाणी तसं थोडंच जास्त झालं होतं."

अण्णांनी मान डोलावली. म्हणाले, हो, माझ्याही ते नंतर लक्षात आलं.

मी एवढं पडतं घेतलं! 'थोडंच' म्हटलं. दुसरा असता तर 'फार' म्हणाला असता. पण हिला त्याची किंमत नाही. हिने तिसरं ताट उचललं, फडक्याने पुसलं आणि मांडणीवर ठेवून दिलं. माझ्या हातातली पिशवी घेऊन आत गेली, भरून आणली, दाराशी येऊन माझ्या हातात दिली. "घ्या. गांडुळांसाठी," म्हणाली. दार आपटलं नाही. हळूच लावलं.

पिशवी रोजच्यापेक्षा जड होती. कोपऱ्यावर थांबून बाहेरून चाचपली. तळाशी काहीतरी गोल, टणक लागलं. हिचा स्वभाव मला माहीत आहे. तोंडाने बोलते, पण उपाशी कुणाला पाठवत नाही. डबा घातला असणार, कुणाला न दाखवता. मी भरभर चालत आलो. गार होऊ नये म्हणून.

घरी आल्यावर टीव्ही लावला नाही. ताट घेतलं, पाण्याचा तांब्या भरून घेतला, टेबलाशी बसलो, पिशवी उघडली.

गोल लागली ती नारळाची करवंटी. बाकी सालंच होती.